स्त्रियांचे उच्चशिक्षण : दार, वाट आणि आसरा

स्त्रीशिक्षणाचा इतिहास आपल्याकडे बहुधा दारांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. अमुक साली अमुक विद्यापीठाने स्त्रियांस प्रवेश दिला, अमुक साली पहिली पदवीधर स्त्री बाहेर पडली, अमुक साली पहिली स्त्री-डॉक्टर परदेशाहून परतली, अशी सनावळी मांडली की लेखकाचे समाधान होते आणि वाचकाचेही. आम्हीही वर्गात ही सनावळी पुष्कळ वर्षे शिकविली. ती खोटी नाही. परंतु दार उघडले म्हणजे माणूस आत आला असे होत नाही. त्या दारापर्यंत पोहोचावयास वाट लागते, आणि पोहोचल्यावर राहावयास आसरा लागतो. दार कायद्याने एका दिवसात उघडते, म्हणून त्याची तारीख सापडते. वाट आणि आसरा यांची तारीख सापडत नाही, आणि म्हणून त्यांची नोंदही कोणी ठेवीत नाही. आमच्या मते मात्र कोणत्या घरची मुलगी कॉलेजात गेली व कोणत्या घरची मागे राहिली, याचा उलगडा या दोन गोष्टींनीच अधिक होतो. हे पटवून देण्यासाठी आम्ही वाचकांस प्रथम एका लहान गावी नेणार आहो.

दिवेआगर हे रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. पर्यटकांस ते लांबलचक पुळणीमुळे आणि १९९७ साली एका सुपारीच्या बागेत सापडलेल्या सुवर्णगणेशामुळे ठाऊक आहे. इतिहासाच्या अभ्यासकास ते निराळ्या कारणाने ठाऊक असते. शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, मराठी ताम्रपट या गावी सापडला, आणि मराठी भाषेच्या अगदी आरंभीच्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. पुढे हा टापू जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबांच्या संस्थानात होता. १९४८ साली संस्थान विलीन होऊन तो कुलाबा जिल्ह्यात आला, आणि १९८१ साली त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. नारळी-पोफळीच्या वाड्यांतून राहणारी बागाईतदार ब्राह्मण घरे, किनाऱ्यालगतचे कोळी, भातशेती करणारे कुणबी, जवळच्या बोर्लीपंचतनाच्या बाजूची मुसलमान व बौद्ध वस्ती, आणि डोंगराच्या कडेला कातकऱ्यांच्या वाड्या, असा हा मुलूख. महाराष्ट्रातील मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न आपल्या सर्व पदरांसह येथे पाच-दहा मैलांच्या आत उभा आहे.

आमचे मूळ घर याच गावचे. आमच्या वडिलांस दोन बहिणी होत्या. थोरली आत्या गावच्या शाळेत मराठी सातवी, म्हणजे त्या काळची व्हर्नाक्युलर फायनल, चांगल्या मार्कांनी उत्तीर्ण झाली. धाकटी तिच्याहून तीन वर्षांनी लहान. दोघींपैकी कोणास तरी पुढे शिकवावे असा विचार घरात निघाला, तेव्हा बुद्धीचा प्रश्न कोणी काढलाच नाही. प्रश्न निघाला तो गिरगावातल्या मामांच्या दोन खोल्यांचा. त्या दोन खोल्यांत आधीच सहा माणसे राहत होती. आणखी एकीपुरती जागा होईल, दोघींची होणार नाही, असे मामांचे पत्र आले. थोरली तोवर घरात उपयोगी पडू लागली होती आणि तिच्या लग्नाचे बोलणेही चालले होते. म्हणून धाकटीस पाठविण्याचे ठरले. ती मुंबईत मॅट्रिक झाली, १९५० नंतरच्या दशकात बी. ए. झाली, आणि हायस्कुलात जन्मभर शिकवून सन्मानाने निवृत्त झाली. थोरली लग्न होऊन गावातल्याच दुसऱ्या वाडीत गेली. झाडांचे शिंपणे, सुपारी सोलणे आणि मोठ्या घराचा स्वयंपाक यांत तिचे आयुष्य गेले. ती वारल्यावर सुपारीच्या हिशेबाच्या वहीत सातवीची गुणपत्रिका घडी घालून ठेवलेली आम्हांस सापडली.

या थोरल्या आत्याने आपल्या नशिबाबद्दल कधी तक्रार केल्याचे आम्हांस स्मरत नाही. परंतु एकदा शाळेची आठवण निघाली असता ती म्हणाली, "गणितात माझ्यापुढे कोळीवाड्यातली एक मुलगी असायची. मास्तर तिला फळ्यापाशी उभी करायचे नि आम्ही बघायचो." त्या मुलीचे पुढे काय झाले, असे आम्ही विचारले. आत्या हसली आणि म्हणाली, "काय व्हायचंय? तिचा कोण मामा होता रे गिरगावात?"

स्त्रीशिक्षणावरील पुष्कळ ग्रंथ वाचूनही जे आमच्या ध्यानात आले नव्हते ते या एका वाक्याने आले. आमच्या दोन आत्यांच्या बाबतीत निदान प्रश्न विचारला गेला, पत्र लिहिले गेले, उत्तर आले. त्या तिसऱ्या मुलीच्या बाबतीत प्रश्नच उद्भवला नाही. तिला कोणी नकार दिला नाही, म्हणून तिच्यावर अन्याय झाला असेही कोणास वाटले नाही.

वाटेविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण आजच्या वाचकास त्या काळच्या अंतराची कल्पना येणे कठीण आहे. खाड्यांवर पूल नव्हते, रस्ते कच्चे होते, आणि मुंबईस जाण्याचा सोयीचा मार्ग समुद्राचा होता. पण हा मार्ग बाराही महिने खुला नसे. मृग नक्षत्राच्या आसपास समुद्र खवळला की पडाव व मचवे किनाऱ्यावर ओढून ठेवीत, आगबोटींची ये-जा बंद होई, आणि नारळी पौर्णिमेनंतर दर्याला शांतवल्यावरच ती हळूहळू सुरू होई. आता कॉलेजे उघडत ती जून महिन्यात. म्हणजे ज्या सुमारास मुंबईत वर्ग भरू लागत, त्याच सुमारास या किनाऱ्याची मुंबईची वाट बंद होई. मे महिन्याच्या अखेरीस जी मुलगी गेली ती दिवाळीपर्यंत परत यावयाची नाही, आणि मध्यंतरी तिचे दुखलेखुपले तर घरी कळावयास आठवडा जाईल, हे गृहीत धरून तिला पाठवावे लागे. अशा स्थितीत आपली मुलगी परक्याच्या हवाली करावयास कोणता बाप धजेल? तो सख्ख्या नात्याच्या घरीच पाठवील. आणि मुंबई-पुण्यास नात्याचे, शिकलेले, बिऱ्हाड करून राहिलेले घर कोणास असे? ज्याच्या घरातील एक पिढी आधीच कारकुनीस, शिक्षकीस वा वकिलीस शहरात गेली असेल त्यास. कोळ्याची व कुणब्याची माणसेही मुंबईस जात. परंतु गिरणीच्या चाळीत एका खोलीत दहा-बारा गडी पाळीपाळीने निजत, तेथे मुलीने राहून अभ्यास करावा ही गोष्ट शक्य नव्हती.

हाच धागा हाती धरून मोठ्या इतिहासाकडे वळले म्हणजे परिचित घटनाही निराळ्या दिसू लागतात. १८८२ च्या हंटर कमिशनच्या सुमारास साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात शिकणाऱ्या मुलींची संख्या १,२७,०६६ होती. त्यांपैकी माध्यमिक शाळांत २,०५४ होत्या, आणि कॉलेजात अवघ्या ६. पुढल्याच वर्षी, १८८३ साली, मुंबई विद्यापीठाने आपल्या नियमांतील पुल्लिंगी शब्दांत स्त्रीचाही समावेश होतो असे ठरवून पदवीचा मार्ग मोकळा केला. दार उघडले ते असे, व्याकरणाच्या एका खुलाशाने. त्यातून प्रथम कोण आत आले? कॉर्नेलिया सोराबजी. डेक्कन कॉलेजातील ही पहिली विद्यार्थिनी आणि मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री-पदवीधर. तिची बुद्धिमत्ता असामान्य होती यात शंका नाही. पण तिचे आईबाप ख्रिस्ती झालेले, इंग्रजी शिकलेले होते, घर पुण्यात होते, आणि तिची आई फ्रान्सिना पुण्यातच शाळा चालवीत होती, हेही ध्यानात ठेविले पाहिजे. कॉलेजात जाण्यासाठी कॉर्नेलियास घर सोडावे लागले नाही. घर सोडून विलायतेस जाण्याची वेळ आली तेव्हा मात्र, गुणानुक्रमाने मिळावयाची सरकारी शिष्यवृत्ती केवळ स्त्री म्हणून तिला नाकारण्यात आली.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण तर या किनाऱ्याच्या अगदी निकटचे. कल्याणास जन्मलेल्या या मुलीचे शिक्षण पती गोपाळराव यांच्या बदल्यांबरोबर फिरत राहिले, आणि त्यात अलिबागचाही मुक्काम घडला. १८८३ साली त्या एकट्या अमेरिकेस निघाल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्यांच्या धैर्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे व ते यथार्थच आहे. परंतु न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी केवळ पत्रव्यवहारावरून या परक्या मुलीस आपले घर देऊ केले नसते, तर ते धैर्य कोठे टेकले असते? थोरल्या आत्यास जे गिरगावात मिळाले नाही ते आनंदीबाईंस समुद्रापलीकडे मिळाले. आणि ते घर उबदार असूनही परक्या हवेने व आजाराने त्यांचा बळी घेतला. १८८७ साली, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, त्या पुण्यास वारल्या.

पुण्यात १८८४ साली रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक आदी मंडळींनी मुलींसाठी हायस्कूल काढले. तेच पुढे हुजूरपागा म्हणून प्रसिद्ध झाले. तेथील इंग्रजी अभ्यासक्रम आणि दिवसभर चालणारे वर्ग यांवर टिळकांच्या पत्रांतून कडक टीका झाली, हे सर्वश्रुत आहे. ती टीका आज आम्हांस पटण्याजोगी नाही. परंतु त्या वादात दोन्ही पक्षांनी जी मुलगी डोळ्यांपुढे धरिली होती ती शहरातली, सकाळ-संध्याकाळ आपल्या घरी जेवणारी मुलगी होती. बाहेरगावच्या मुलीचा प्रश्न त्या वादात जवळजवळ नव्हताच.

तो प्रश्न प्रथम ओळखला तो पंडिता रमाबाईंनी. १८८९ साली मुंबईस त्यांनी शारदासदन उघडले तेव्हा शाळेबरोबरच राहण्याजेवण्याची सोय केली, कारण ज्या विधवांसाठी ते होते त्यांना माघारी जावयास घर असे उरलेच नव्हते. या सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध झाल्या, आणि कर्व्यांच्या पुढील कार्यात सदनाचा अनुभव असा घरातच होता. खुद्द कर्वे हे कोकणातील मुरूडचे. लहानपणी सहावीच्या परीक्षेस बसण्यासाठी ते सह्याद्री चढून पायी साताऱ्यास गेले, आणि वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षकांनी त्यांस बसू दिले नाही, ही हकीकत मराठी वाचकांस परिचित आहे. विद्येच्या दारापर्यंतचे अंतर काय असते हे ज्याने पायांनी मोजले होते, त्यानेच पुढे हिंगण्याच्या माळावर झोपडी उभारून बायकांच्या राहण्याची सोय आधी केली आणि विद्यापीठ मागाहून काढले, हा आम्हांस निव्वळ योगायोग वाटत नाही. आश्रम १८९६ चा, हिंगण्याची झोपडी १९०० ची, महिला विद्यालय १९०७ चे, आणि महिला विद्यापीठ १९१६ चे. क्रम पाहण्याजोगा आहे : आधी आसरा, मग शाळा, मग पदवी. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली आणि पुढे विद्यापीठास त्यांच्या मातुःश्रींचे नाव लाभले.

येथवर कथा गौरवाची आहे. परंतु इतिहासकाराने येथेच थांबणे म्हणजे आमच्या आत्यांची गोष्ट सांगून तिसऱ्या मुलीची गाळण्यासारखे होईल. हिंगण्याच्या आश्रमात प्रारंभी बहुतेक मुली ब्राह्मण घरांतल्या होत्या. याचा दोष एकट्या कर्व्यांस देता येणार नाही. वर्गणी देणारे ज्या समाजातले, त्यांच्या सोवळ्या-ओवळ्याच्या मर्यादा त्यांना जपाव्या लागल्या. पण परिणाम तोच झाला. मामांच्या दोन खोल्या जशा नात्यापुरत्या होत्या तसे वसतिगृहही बराच काळ जातीपुरते राहिले. आमच्या घराण्यास विद्येची आवड परंपरेनेच होती असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आज आम्ही एवढेच म्हणू की आवड पुष्कळांस होती, आणि आम्हांस आवडीबरोबर जागाही होती.

आवड पुष्कळांस होती याला पुरावा हवा असेल तर तो जुना आहे. १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाला. मुंबई विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी दोन वर्षे एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी समाजास लेखी जाब विचारीत होती. पुढे त्या पंक्तीतील किती मुलींस महाविद्यालयाची पायरी चढता आली? ती पंक्ती तेथेच खुंटली, कारण प्राथमिक शाळेपुढे नेणारी वाट तिच्यासाठी कोणी बांधलीच नाही.

बहुजन समाजातील मुलांसाठी ती बांधली गेली. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या बोर्डिंगांस आश्रय दिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह उभे केले. मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही, काढून दिले. ही गोष्ट ऐकताना कोणाचाही कंठ दाटून येतो. पण आम्हांस ती ऐकताना आणखीही काही वाटते. त्या मंगळसूत्राने जी भाकरी आली ती मुलांच्या ताटात पडली. मुलींच्या वसतिगृहांस त्या मानाने फार उशीर लागला, आणि बहुजन घरातील भाऊ व बहीण यांच्यामधले अंतर त्या उशिराने वाढविले.

दिवेआगरापासून महाड काही फार दूर नाही. तेथे १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी डिसेंबरात दुसऱ्या परिषदेच्या प्रसंगी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांपुढे निराळे भाषण केले, आणि विद्या ही पुरुषांइतकीच स्त्रियांसही अवश्य आहे, हे त्यांस निक्षून सांगितले. त्या सभेतल्या बायकांच्या नाती-पणतींपैकी काही आज प्राध्यापक आहेत. परंतु त्यांच्या वाटेवर आणखी एक अडथळा होता, आणि तो प्रा. कुमुद पावडे यांनी 'अंतःस्फोट' या पुस्तकात नोंदवून ठेविला आहे. नागपूरच्या या दलित मुलीने हट्टाने संस्कृत विषय घेऊन एम. ए. केले. पदवी हाती आली तरी नोकरी येईना. विवाहानंतर आडनाव बदलले तेव्हा ती आली. शिकलेली व्यक्ती तीच, पदवी तीच. बदलले ते एवढेच. कॉलेजच्या दारातून आत जाणे आणि बाहेर पडल्यावर त्या शिक्षणाचे चीज होणे, या दोन गोष्टींतही अंतर असते, आणि तेही सर्वांस सारखे नसते.

जंजिऱ्याच्या संस्थानाचा उल्लेख वर आला आहे. त्या संस्थानाच्या नाझली बेगम या फैजी घराण्यातल्या सुशिक्षित स्त्री. त्यांच्या भगिनी अतिया फैजी १९०६ साली अध्यापनाचे शिक्षण घेण्यासाठी लंडनास गेल्या आणि तेथील अनुभव त्यांनी उर्दूत लिहून प्रसिद्ध केले. मुसलमान स्त्री शिकू इच्छीत नाही असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. पण त्याचबरोबर हेही ध्यानात ठेवावे की ज्या राजवाड्याशी लंडनचे असे नाते जडले होते, त्याच राजवाड्याच्या रयतेतील मुसलमान खलाशाच्या वा शेतकऱ्याच्या मुलीस मुंबईही तितकीच दूर होती जितकी ती कोळ्याच्या मुलीस. धर्म एक असून वाट एक नव्हती.

आता वाचक म्हणतील की हे सारे जुने झाले. आज मुली मुलांच्या पुढे आहेत. हे म्हणणे अर्धे खरे आहे. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या उच्चशिक्षण पाहणीप्रमाणे १८ ते २३ या वयोगटाच्या लोकसंख्येशी कॉलेजातील संख्येचे प्रमाण मुलांचे शेकडा २८.३ तर मुलींचे २८.५ आहे. १८८२ मधील ६ मुलींपासून २०२१-२२ मधील २ कोटी ७ लाखांपर्यंतचा हा प्रवास साधा नव्हे. त्याचा अभिमान वाटलाच पाहिजे. परंतु सरासरी ही सुखी माणसाची भाषा आहे. त्याच पाहणीत अनुसूचित जमातींतील मुलींचे प्रमाण शेकडा २०.९ भरते. मुसलमान विद्यार्थी, मुलगे व मुली मिळून, एकूण विद्यार्थ्यांत शेकडा पाचही नाहीत. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतील त्यांचे प्रमाण शेकडा १४ च्या वर होते. महाराष्ट्रात त्या जनगणनेच्या वेळी शंभर स्त्रियांत सुमारे ७६ साक्षर होत्या, आणि आदिवासी स्त्रियांत ५७. दिवेआगरामागच्या डोंगरातील कातकरी कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर वा कोळशाच्या कामावर निघून जाते आणि पावसाच्या तोंडावर परतते. त्या घरातली मुलगी शाळेच्या हजेरीपटावरून कधी नाहीशी होते हे कोणाच्या लक्षातही येत नाही. तिच्या बाबतीत कॉलेजचा प्रश्न काढणे म्हणजे पहिल्या पायरीआधी दहावी मोजण्यासारखे आहे.

वाटेची स्थिती पुष्कळ सुधारली हे खरे. १९६१ साली अलिबागेस आणि महाडास कॉलेजे निघाली. श्रीवर्धनासही आता कॉलेज आहे. ग्रामीण मुलींस बारावीपर्यंत एसटीचा प्रवास विनामूल्य असतो. त्यापुढे पैसे भरून सवलतीचा पास काढावा लागतो. म्हणजे कॉलेज सुरू होते आणि अंतर वाढते, नेमकी तेथेच मोफत वाट संपते. २०२४ च्या जुलैत राज्य सरकारने ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या मागास व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण-फी व परीक्षा-फी पूर्ण भरण्याचे ठरविले. हा निर्णय मोठा आहे आणि त्याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. पण फी हा दाराचा खर्च झाला. खोलीचे भाडे, खानावळ आणि येण्याजाण्याचा खर्च हा वाट व आसरा यांचा. वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांस राहण्याजेवणासाठी रोख रक्कम देणाऱ्या सरकारी योजना अनुसूचित जाती-जमातींसाठी निघाल्या आहेत. त्यांवरून सरकारासही हा भेद कळला आहे असे दिसते.

ही वाट किती नाजूक आहे ते ३ जून २०२० रोजी दिसले. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले आणि पिढ्यान्‌पिढ्या वाढविलेल्या पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. पोफळ लावली तर फळ धरावयास पाच-सहा वर्षे घेते. त्यातच साथीमुळे कॉलेजे बंद, शिक्षण मोबाईलवर, आणि वादळाने वीज व मोबाईल दोन्ही बेपत्ता. घरात एक फोन असेल तर तो प्रथम भावाच्या हाती जातो आणि खर्च कापावयाचा असेल तर तो प्रथम बहिणीचा कापला जातो, हे सांगावयास आकडेवारीची गरज नाही. तसे करणारे आईबाप क्रूर नव्हते. वादळाने त्यांच्यापुढे तेच पत्र ठेवले जे एकदा गिरगावाहून आमच्या आजोबांस आले होते : एकापुरती जागा आहे, दोघांची नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही गावी गेलो होतो. हल्ली वाड्यांतून घरगुती जेवणाच्या पाट्या लागल्या आहेत. अशाच एका घरी जेवावयास बसलो असता बारावीची परीक्षा दिलेली मुलगी वाढीत होती. आम्ही प्राध्यापक आहो हे कळताच तिने मोदकांचे ताट खाली ठेविले आणि विचारले, "सर, प्रवेशाचं बघता येईल. राहायची सोय कुठे होते, ते सांगाल का?" मार्क किती पडतील याची तिला चिंता नव्हती, कोणता विषय घ्यावा याचाही तिचा निश्चय झालेला होता. तिच्यापाशी कोळीवाड्यातली तिची मैत्रीण उभी होती. दोघींनी मिळून अर्ज करावयाचे ठरविले होते. आम्ही आमच्या परीने चौकशी केली, दोन-चार ठिकाणी फोन केले, अर्ज भरवून घेतले. ऑगस्टात एकीचे उत्तर आले. तिला मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली होती. दुसरीचे नाव प्रतीक्षायादीत होते. ते तेथेच राहिले, आणि अखेर तिने शिक्षण सोडले.

जागा कोणाला मिळाली हे वाचकांनी ओळखावे असे कोडे आम्ही घालीत नाही. जागा मिळाली ती जेवण वाढणाऱ्या मुलीस, कारण तिच्या घरी संगणक होता, अर्ज मुदतीच्या पहिल्याच दिवशी गेला, आणि कागद पुरे होते. मैत्रिणीच्या दाखल्यासाठी तिच्या वडिलांस तालुक्याच्या ठिकाणी तीन फेऱ्या घालाव्या लागल्या, आणि ते दिवस मासेमारीचे होते.

या नियतकालिकाचे वाचक बहुतांशी सुशिक्षित कुटुंबांतले आहेत. त्यांपैकी अनेकांच्या घरी भिंतीवर पदवीच्या झग्यातील आजीचा वा आत्याचा फोटो असेल. तो फोटो पाहताना एकदा असा विचार करावा की त्या बाई कॉलेजात असताना रात्री कोणाच्या घरी निजत होत्या, त्या घरी आणखी कोणाची मुलगी येऊ शकली असती, आणि ती का आली नाही. उत्तर सुखाचे नसेल, पण ते खरे असेल. आणि त्याचे आजचे कर्तव्य साधे आहे. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी, सर्व जातीधर्मांच्या मुलींसाठी, पुरेशा जागांचे एक तरी वसतिगृह असावे. कॉलेजच्या वेळेशी एसटीची वेळ जुळावी आणि मुलींचा मोफत पास बारावीशी न थांबता पदवीपर्यंत चालावा. दाखल्यांचे काम शाळेतच पुरे करून मिळावे. या मागण्यांत क्रांती मुळीच नाही. जे आमच्या घराण्यास एका मामाने दिले, ते ज्यांचा मामा शहरात नाही त्यांस समाजाने द्यावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

गुणपत्रिका असलेली ती हिशेबाची वही आम्ही जपून ठेविली आहे. तिच्यात सातवीचे गणिताचे गुण शंभरांपैकी ८१ आहेत. आत्याच्या सांगण्याप्रमाणे वर्गात त्याहून अधिक गुण मिळविणारी एक मुलगी होती. तिची गुणपत्रिका कोणी जपून ठेविली असेल असे आम्हांस वाटत नाही.